तिसरीच्या वर्षात मुलं नेमकं काय शिकतात?

प्रश्न थोडक्यात असा: मुलगी मराठी माध्यमाच्या शाळेत तिसरीत गेली आहे. पालकांनी पुस्तकं चाळली तेव्हा दुसरीचंच थोडं वाढवून दिल्यासारखं वाटलं. बेरीज-वजाबाकी आहे, धडे-कविता आहेत. मग वर्षभर नवीन काय शिकवतात, घरी काय घ्यावं, पाढे कितीपर्यंत पाठ हवेत आणि शिकवणी लावावी का?

मी सातारा जिल्ह्यात, खटाव-माणच्या बाजूला जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. बरीच वर्षं तिसरी-चौथीच माझ्याकडे असते, बहुतेकदा दोन्ही वर्ग एकाच खोलीत. उत्तर लांबणार आहे, आधीच सांगते.

पुस्तक चाळून तिसरी कळत नाही. पुस्तकात घटक दिसतात, मूल त्या घटकाचं काय करतं ते दिसत नाही. दुसरीपर्यंत आमचा दिवस सूचनांवर चालतो. पान उघडा, वरच्या बेरजा करा, खालचे शब्द लिहा. मूल सांगितलेलं करतं आणि छान करतं. तिसरीच्या जूनमध्ये फळ्यावर शाब्दिक उदाहरण लिहिलं की वर्गातून हमखास आवाज येतो, "बाई, अधिक करायचं का वजा?" त्या मुलाला बेरीज येत असते, वजाबाकीही येत असते. कोणती करायची ते समोरच्या दोन ओळींतून काढता येत नाही. ते काढता येणं हे तिसरीचं खरं काम. छापलेलं वाचायचं, कुणाला न विचारता त्याचा अर्थ लावायचा आणि पुढं काय करायचं ते आपलं आपण ठरवायचं. गणितात हेच, मराठीत हेच, परिसर अभ्यासातही हेच.

एक उदाहरण घ्या. 'रोहनकडे ४५ गोट्या आहेत. त्या सायलीच्या गोट्यांपेक्षा १२ ने जास्त आहेत. तर सायलीकडे किती गोट्या आहेत?' दुसरीतून आलेलं मूल 'जास्त' हा शब्द बघतं आणि ५७ लिहून मोकळं होतं. त्याला कुठल्यातरी गाइडातून किंवा शिकवणीतून सांगितलेलं असतं की 'एकूण', 'मिळून', 'जास्त' आलं की बेरीज आणि 'उरले', 'कमी', 'फरक' आलं की वजाबाकी. दुसरीची उदाहरणं या युक्तीने सुटून जातात. तिसरीत ही युक्ती तोंडावर पाडते, आणि ज्याची तिच्यावर भिस्त जास्त ते मूल जास्त गोंधळतं.

मी अशा वेळी आकडे बोटाने झाकायला लावते. आकडे नकोत, नुसती गोष्ट सांग. कुणाकडं जास्त आहेत? रोहनकडं. मग सायलीकडं पंचेचाळीसच्या वर असतील का खाली? इथं निम्मी मुलं स्वतःच जीभ चावतात. उरलेल्यांसाठी फळ्यावर दोन पट्ट्या काढायच्या, एक लांब, एक आखूड. आखूड पट्टी कुणाची ते ठरलं की उदाहरण सुटलंच म्हणायचं. मग उलट काम देते. ४५ − १२ एवढंच लिहायचं आणि त्यावर गोष्ट मुलांनी तयार करायची. पहिल्या आठवड्यात सगळ्यांच्या कोंबड्या मरतात आणि फुगे फुटतात. एकाने लिहिलं होतं, 'आजीकडे ४५ रुपये होते. मी १२ घेतले. आजीला कळलं नाही. किती उरले?' ते फळ्यावर घेऊन सगळ्यांकडून सोडवून घेतलं, बाकीचं तो आणि त्याची आजी बघून घेतील. पण डिसेंबर-जानेवारीत एखादी मुलगी लिहिते, 'दादाला ४५ मार्क पडले, मला त्याच्यापेक्षा १२ कमी,' तेव्हा कळतं की वजाबाकी म्हणजे फक्त काढून घेणं हा समज सुटला, तुलना आत शिरली.

आता आकड्यांचं. दोन अंकी संख्यांवरून तीन अंकी संख्यांवर जाणं मोठ्यांना एक पायरी वाटते. मुलांना चारशे दोन लिहायला सांगा. जूनमध्ये कितीतरी वह्यांत ४००२ दिसेल. ऐकलं तसं लिहिलं, चारशे आणि पुढं दोन. शून्य जागा धरून बसतो ही गोष्ट समजायला शतक-दशक-एककाचे तीन रकाने आणि हातात धरता येईल असं साहित्य लागतं. आइस्क्रीमच्या काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे, असे दहा गठ्ठे रबराने बांधले की शतक. चारशे दोन मांडताना मधल्या रकान्यात काहीच ठेवायला नसतं, तिथं शून्य का लिहायचा ते डोळ्यांना दिसतं.

त्यात आपल्या संख्यानामांची भर. बहात्तर ऐकताना दोन आधी ऐकू येतो, सत्तर नंतर, म्हणून मूल २७ लिहितं. एकोणसाठ ऐकलं की साठ ऐकू येतं आणि ६९ लिहिलं जातं. २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक', 'वीस दोन' अशी वाचनाची पद्धत आली तेव्हा विधानसभेपर्यंत गदारोळ झाला होता. त्या वेळी थट्टा करणाऱ्यांनी एकदा तिसरीच्या वर्गात संख्यांचं श्रुतलेखन घेऊन बघायला हवं होतं. मी दोन्ही वापरते, 'बहात्तर, म्हणजे सत्तर आणि दोन'. दिवाळीपर्यंत मागचं शेपूट आपोआप गळून पडतं.

मग येते हातच्याची वजाबाकी, त्यातही मधे शून्य असलेली. ४०२ − १७८ द्या आणि मूल ३७६ लिहितं का बघा. ही निष्काळजीपणाची चूक नव्हे, त्यात शिस्त आहे. दोनातून आठ जात नाहीत, मग आठातून दोन घेतले, सहा. शून्यातून सात जात नाहीत, मग सातच लिहिले. चारातून एक, तीन. मुलाने प्रत्येक रकान्यात मोठ्यातून लहान वजा केलं. अशा मुलाला आणखी पन्नास वजाबाक्या दिल्या तर ते पन्नासही अशाच करील. त्याला काड्यांकडे न्यावं लागतं. दोन सुट्ट्या काड्या आहेत, आठ द्यायच्यात. दशकाचा गठ्ठा सोडू म्हटलं तर दशक एकही नाही. मग शतकाचा मोठा गठ्ठा सोडायचा, दहा दशक मिळाले. त्यातला एक सोडायचा, दहा सुट्ट्या. आता शतक ३, दशक ९, सुट्ट्या १२. उत्तर २२४. दहाच्या जागी ९ कुठून आले हे ज्याने स्वतः रबर काढून बघितलं त्याला पुढं विचारावं लागत नाही. घरी काड्या नसतील तर शंभराच्या, दहाच्या खोट्या नोटा आणि रुपयाची नाणी चालतात. सुट्टे करून आणणं हा व्यवहार मुलांना किराणा दुकानामुळे माहीत असतोच.

पाढ्यांबद्दल घरोघरी चिंता असते म्हणून सांगते. तिसरीच्या अखेरीस दहापर्यंतचे पाढे पक्के हवेत, आणि पक्के म्हणजे मधूनच विचारलेले यायला हवेत. सातचा पाढा घडाघडा म्हणणाऱ्या मुलाला 'सात सक किती?' विचारलं आणि ते 'सात एके सात' पासून सुरुवात करायला लागलं, तर ते गाणं पाठ आहे. गाणंही वाईट नाही, तिथूनच सुरुवात होते. पण पुढचं पाऊल म्हणजे सात पाचे पस्तीस येत असेल तर त्यात आणखी एक सात मिळवून सात सक बेचाळीस काढता येणं. वीसपर्यंत, तीसपर्यंत पाढे हवेत म्हणून आजोबा हट्ट धरतात. आवडीने करत असेल तर करू द्या. पण बाराचा पाढा पाठ आहे आणि २४ पेरू ६ मुलांत वाटता येत नाहीत, अशी मुलं माझ्याकडे दरवर्षी असतात.

भागाकारात एक बारकी गोष्ट आहे, ती पालकांना सहसा कुणी सांगत नाही. २४ पेरू ६ मुलांना सारखे वाटले, प्रत्येकाला किती? ही वाटणी. आणि २४ मुलं आहेत, एका बाकावर ३ बसतात, बाक किती लागतील? हे गट पाडणं. कागदावर दोन्ही भागाकारच, पण मुलाच्या डोक्यात या दोन वेगळ्या हालचाली आहेत. वाटणीत एकेकाला एकेक देत जायचं, गट पाडताना तीन-तीन उचलून बाजूला काढायचे. वाटणी लवकर येते, कारण ती घरात रोज होते. गट पाडणं मुद्दाम करून घ्यावं लागतं, आणि ते आलं की गुणाकाराशी नातं जुळतं. घरी लाडू डब्यात भरतानासुद्धा हे होतं.

अपूर्णांक, घड्याळ, मापं यांत आपली मुलं एका अर्थाने पुढारलेली असतात. पाव किलो, अर्धा लिटर, दीड तास, अडीच रुपये हे शब्द कानावरून गेलेले असतात. अडचण लिहिताना येते. चार हा दोनपेक्षा मोठा, म्हणून पाव हा अर्ध्यापेक्षा मोठा असं मूल ठामपणे सांगतं. एक भाकरी घेऊन दोन भाग आणि चार भाग करून दाखवले की वाद मिटतो. घड्याळात 'पावणेपाच'ला काटा पाचच्या अलीकडे असतो हेही आधी पटत नाही. भूमिती, सममिती, चित्रालेख वगैरे मुलं मजेत करतात, त्याची काळजी करू नका.

मराठीकडे येते. दुसरी संपताना बहुतेक मुलं साधे शब्द, साधी वाक्यं वाचतात. तिसरीत जोडाक्षरं गर्दी करून येतात आणि त्यात सगळ्यांत जास्त त्रास 'र' देतो. सूर्य, चक्र, ट्रक, सुऱ्या. एकच र, चार वेशांत. 'दर्या' आणि 'दऱ्या' हे दोन शब्द फळ्यावर शेजारी लिहून वाचायला सांगा, वर्गाचं वाचन कुठवर आलंय ते कळतं. आमची मुलं डोंगराच्या कडेला वाढलेली, दऱ्या म्हणजे काय हे त्यांना सांगावं लागत नाही, तरी पुस्तकात 'दऱ्याखोऱ्या' आलं की अडखळतात. रफार वर दिसतो पण उच्चार आधी, हे सांगून भागत नाही. असे शब्द रोज पाच-सहा, वाक्यात घालून, महिना-दोन महिने चालू ठेवावे लागतात. सुट्या जोडाक्षरांच्या लांबच लांब याद्या वाचून घेण्याने मात्र मुलं फक्त कंटाळतात.

वाचनाचा वेग हा आता मोजायचा विषय झाला आहे. पायाभूत वाचन-गणितासाठीचं केंद्राचं निपुण भारत अभियान ५ जुलै २०२१ ला सुरू झालं. त्यात तिसरीच्या अखेरीस मुलाने अनोळखी, वयाला साजेसा मजकूर मिनिटाला किमान ६० शब्द या गतीने समजून वाचावा आणि ९९९९ पर्यंतच्या संख्या वाचाव्या-लिहाव्या असं उद्दिष्ट ठेवलं आहे. ६० शब्द हा आकडा ऐकून काही घरांत मोबाइलचं स्टॉपवॉच लावून मुलांना पळवायला सुरुवात झाली. त्या वाक्यातला 'समजून' हा शब्द गळाला की उरलेल्याला अर्थ नाही. वेग लागतो, तो एवढ्यासाठी की अक्षर जुळवण्यातच सगळी शक्ती गेली तर वाक्याच्या शेवटाला येईतो सुरुवात विसरली जाते. पण धाडधाड वाचून 'काय वाचलंस?' विचारल्यावर गप्प बसणारी मुलं मला जास्त काळजीत टाकतात. हळू वाचणारं मूल निदान कुठं अडलंय ते दाखवतं.

तिसरीत मूकवाचन सुरू होतं. पहिल्यांदा सगळा वर्ग पुटपुटतो, बोट ओळीवर फिरतं, मग ओठ नुसते हलतात, मग तेही थांबतात. साधारण जानेवारीत एखाद्या दुपारी कुणीतरी वाचताना मधेच फिसकन हसतं. विनोद छापील होता, सांगितलेला कुणी नव्हता. मला त्या दिवशी त्या मुलाची चाचणी घ्यायची गरज वाटत नाही.

लिखाणात दुरेघी वहीवरून एकरेघी वहीवर जाणं होतं आणि अक्षर महिनाभर बिघडतं. घाबरू नका. त्याहून मोठा बदल असा की लिहिणं म्हणजे उतरवून काढणं, हे चित्र पुसलं जातं. दुसरीपर्यंत 'शुद्धलेखन' म्हणजे धड्याच्या दहा ओळी उतरवणं. तिसरीत चित्र बघून चार वाक्यं, काल काय झालं त्याच्या पाच ओळी, मामाला पत्र, दोन मित्रांचा संवाद असं स्वतःचं लिहावं लागतं. सुरुवातीचं लिखाण असं असतं: 'आमची गाय आहे. ती गाय चांगली आहे. मला गाय आवडते.' आणि वर्षाअखेरीस तीच मुलगी लिहिते, 'आमची गाय आजोबांनी हाक मारली तरच उठते, मी मारली तर बघत नाही.' र्‍हस्व-दीर्घ दोन्हीकडे चुकलेलं असतं. पहिल्या लिखाणात चुका कमी असतात, हे खरं. म्हणून मी पालकसभेत सांगते, वही बघताना सगळ्याच चुकांना लाल खूण करू नका. एका वेळी एकच गोष्ट धरा, एक आठवडा पूर्णविराम, पुढचा आठवडा अनुस्वार. सगळ्या चुका दाखवल्या की मूल पुन्हा 'ती गाय चांगली आहे'वर येतं, कारण ते सुरक्षित असतं.

इंग्रजीबद्दल थोडक्यात. महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी माध्यमातही पहिलीपासून इंग्रजी आहे. तिसरीपर्यंत मुलांनी बरंच ऐकलेलं, गायलेलं असतं. या वर्षी छोटे शब्द ध्वनीवरून वाचणं आणि सोपी वाक्यं बोलणं-लिहिणं एवढं झालं तरी पुष्कळ. स्पेलिंग दहा-दहा वेळा लिहून घेण्यापेक्षा मोठ्याने वाचून दाखवा.

तिसरीतला एकच विषय असा आहे की जो दुसरीत वेगळा नव्हता: परिसर अभ्यास. पहिली-दुसरीत तो भाषेत, खेळात मिसळलेला असतो, तिसरीत त्याचं स्वतंत्र पुस्तक हातात येतं. आजवर बालभारती हे पुस्तक जिल्ह्यावार काढत आली आहे. म्हणजे साताऱ्याच्या मुलाच्या पुस्तकात सातारा, नाशिकच्या मुलाच्या पुस्तकात नाशिक. नवा अभ्यासक्रम २०२५-२६ मध्ये पहिलीपासून टप्प्याटप्प्याने सुरू झाला आहे, पुस्तकांची रूपं बदलतील. पण आठ वर्षांच्या मुलाला आधी आपला जिल्हा द्यायचा ही कल्पना मला फार शहाणी वाटते.

दिशांपासून सुरुवात होते. नकाशा भिंतीवर टांगलेला असतो, वरची बाजू उत्तर. 'उत्तर दिशा दाखवा' म्हटलं की मुलं छताकडे बोट करतात. म्हणून मी पहिले काही दिवस नकाशा जमिनीवर पसरते. सकाळी परिपाठानंतर, सूर्य कुठं आहे बघून, नकाशाची पूर्व त्या बाजूला फिरवायची. मग कऱ्हाड खरंच कुठल्या अंगाला येतं ते मुलं उभं राहून दाखवतात. त्यानंतरच नकाशा भिंतीवर जातो.

जिल्ह्यात अकरा तालुके. एका मुलाने नकाशात माण नावाचं गाव शोधण्यात अर्धा तास घालवला. तालुका माण, त्याचं ठाणं, म्हणजे मुख्यालय, दहिवडी. तसंच खटावचं वडूज, जावळीचं मेढा. तालुका हा टापू असतो आणि त्याचं नाव त्याच नावाच्या गावावरून चालत असेलच असं नाही, हे त्या अर्ध्या तासात त्याला जितकं कळलं तितकं माझ्या सांगण्यातून कळलं नसतं. नद्या रंगवायच्या होत्या. कृष्णा महाबळेश्वरला उगम पावते, ती निळी. कोयना निळी. मग येरळेपाशी आल्यावर एकीने विचारलं, "बाई, आपली निळी रंगवू का मातकट?" येरळा वर्षातले बरेच महिने कोरडी, ती रोज ओलांडून शाळेत येणारी ही मुलगी. मी म्हटलं, तू बघतेस तशी रंगव. मग वर्गातच प्रश्न निघाला की एकाच जिल्ह्यात महाबळेश्वरला एवढा पाऊस आणि माणात टँकर, असं का? पर्जन्यछायेचा, म्हणजे डोंगराआड पाऊस कमी का पडतो याचा, धडा पुढच्या इयत्तांचा आहे. तिसरीत फक्त डोंगर कुठं आहेत, ढग कुठून येतात, आपण डोंगराच्या कुठल्या अंगाला आहोत एवढं नकाशावर बोट ठेवून बघायचं. प्रश्न पडला आणि तो नकाशावरून पडला, तिसरीला एवढं पुष्कळ.

याच विषयात मुलं पहिल्यांदा माहिती गोळा करतात. आजोबांना विचारून या, तुमच्या लहानपणी पाणी कुठून आणायचात. चौघं चार उत्तरं आणतात, मग कुणाचं खरं यावर भांडण होतं. आड, विहीर, ओढा, हातपंप, सगळीच खरी असतात, वर्षं वेगळी असतात. काळ नावाची गोष्ट मुलांना अशी कळते. चौथीत शिवाजी महाराजांचा इतिहास येतो, त्याची ही पूर्वतयारी आहे.

पुस्तकाबाहेरचंही सांगायला हवं. परिपाठात दिनविशेष, बातम्या वाचायची पाळी तिसरीपासून येते. शालेय पोषण आहाराच्या वेळी ताटं मोजणं, पहिलीच्या लहानग्यांना वाढायला मदत करणं हे काम तिसरी-चौथीकडे. मैत्री या वर्षी घट्ट होते आणि मोडते, 'तिच्याशी कट्टी' हे आठवडाभर टिकतं. दुसरीतलं मूल बाईंना सांगून मोकळं होत असे, तिसरीतलं मूल काही गोष्टी बाईंपासून लपवायला शिकतं. हेही शिकणंच आहे. दोन वर्ग एका खोलीत असण्याचा एक फायदा इथं होतो: तिसरीची मुलं आपली गणितं करता करता चौथीचं ऐकत असतात, आणि मधेच उत्तर तेच देतात. चौथीवाल्यांना ते आवडत नाही.

मूल्यमापनात आपल्याकडे तिसरी-चौथीला आकारिक (वर्गात रोजच्या कामावरचं) ६० आणि संकलित (सत्राच्या शेवटच्या परीक्षेचं) ४० असं वजन आहे, पहिली-दुसरीला ते ७०-३० असतं. म्हणजे लेखी पेपरचा वाटा इथं वाढतो. सरकारी आणि अनुदानित शाळांतल्या नियतकालिक मूल्यांकन चाचण्याही २०२३-२४ मध्ये सुरू झाल्या त्या तिसरीपासूनच. छापील प्रश्नपत्रिका समोर ठेवून, बाईंनी वाचून न दाखवता, स्वतः वाचून सोडवायची. ज्या मुलांचं गणित चांगलं पण वाचन कच्चं, त्यांची गणितातली श्रेणी इथं पहिल्यांदा घसरते आणि घरचे म्हणतात गणित कच्चं झालं. अशा वेळी तोच प्रश्न मुलाला वाचून दाखवा. सुटला तर औषध वाचनाचं द्यायचं, गणिताचं नव्हे.

हा काही माझ्या वर्गापुरता प्रश्न नाही. 'प्रथम' या संस्थेच्या 'असर' या शैक्षणिक अहवालासाठी झालेल्या २०२४ च्या पाहणीत देशभरातल्या ग्रामीण सरकारी शाळांमधली तिसरीची फक्त २३.४ टक्के मुलं दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकत होती, आणि २०२२ मध्ये तर १६.३ टक्केच. डिसेंबर २०२४ मध्ये झालेल्या 'परख' या केंद्राच्या राष्ट्रीय सर्वेक्षणात ९९ पर्यंतच्या संख्या चढत्या-उतरत्या क्रमाने लावता येणारी तिसरीची मुलं ५५ टक्के निघाली. तुमची मुलगी मागे असेल तर ती एकटी नाही, आणि मागे असणं तिसरीत भरून काढता येतं. पाचवीत ते फार अवघड होतं, कारण तिथं सगळे विषय वाचता येतं असं धरूनच पुढं जातात.

एक गोष्ट शहरातल्या पालकांना दिसत नाही. जून ते ऑक्टोबर हा काळ बराचसा मागचं घट्ट करण्यात जातो. तिसरीचं खरं वर्ष दिवाळी ते मार्च. आमच्या भागातल्या कारखान्यांवर बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात त्या नेमक्या दिवाळीच्या सुमाराला, आणि परत जातात उन्हाळा लागला की. त्यांच्यातली जी मुलं जवळच्या शाळेत येऊन बसतात ती बसतात, बाकीची कोपीवर, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपडीवर, धाकट्या भावंडाला सांभाळतात. गावाकडच्या शाळेत अशा मुलाची जून-जुलैची वही पूर्ण असते, मार्चची कोरी. हातच्याची वजाबाकी, भागाकार, मूकवाचन हे सगळं त्या कोऱ्या पानांत गेलेलं असतं. असं मूल पुढं चौथीत बसतं तेव्हा त्याला 'कच्चं' म्हणतात. वर्गात असं मूल आलं तर मी त्याला तिसरीचं पुस्तक देत नाही, ते जिथं आहे तिथून सुरू करते. इयत्तेऐवजी पातळीप्रमाणे रोज तासभर गट केले की दोन-तीन महिन्यांत बराच फरक पडतो.

आता घरी काय घ्यायचं. रोज पंधरा-वीस मिनिटं पुरतात, पण त्यात धडा पुन्हा वाचून घेऊ नका. तो शाळेत वाचून पाठ झालेला असतो, मूल तोंडपाठ म्हणतं आणि तुम्हाला वाटतं वाचतंय. अनोळखी काहीतरी द्या. बालभारतीचं 'किशोर' मासिक चांगलं आहे, थोडं वरच्या वयाचं असलं तरी त्यातली छोटी सदरं तिसरीला झेपतात. एसटीच्या पाट्या, लग्नपत्रिका, बिस्किटाच्या पुड्यावरचा मजकूर, विजेचं बिल, काहीही चालेल. वाचून झाल्यावर 'काय झालं?' यापेक्षा 'त्याने तसं का केलं असेल?' विचारा. आठवडी बाजाराची यादी तिला करू द्या, भाव तिने विचारायचे, हिशोब तिने करायचा, पन्नासची नोट दिली तर परत किती ते तिने सांगायचं. उदाहरण अडलं तर लगेच 'वजा कर' सांगू नका. पुन्हा वाच म्हणा, चित्र काढ म्हणा, आणि दोन मिनिटं गप्प बसा. पालकांना या सगळ्यात अवघड काय जात असेल तर ते गप्प बसणं.

शिकवणीबद्दल माझं मत स्पष्ट आहे: तिसरीला नको. वाचन फारच मागे असेल तर आधी शाळेत बाईंना भेटा, नेमकं कुठं अडतंय ते विचारा. त्यांना सांगता आलं पाहिजे. शिष्यवृत्ती परीक्षा पाचवीवरून पुन्हा चौथीला आणायचा निर्णय झाल्यापासून तिसरीपासूनच 'फाउंडेशन'च्या नावाखाली सराव प्रश्नसंच घ्यायला लावणारे वर्ग निघाले आहेत. त्या संचांत चार पर्यायांतून गोल भरायचा असतो. आठ वर्षांचं मूल त्यातून पर्याय गाळायला शिकतं, उदाहरण वाचायला शिकतंच असं नाही. तिसरीचं वाचन आणि शाब्दिक गणित नीट झालेलं मूल चौथीत सहा महिन्यांच्या सरावाने त्या परीक्षेला बसू शकतं.

स्वतःच पारखून बघायचं असेल तर मार्चमध्ये एवढं करा. तिने न वाचलेली दहा-बारा ओळींची गोष्ट द्या, मनात वाचू द्या आणि पुस्तक मिटून तिच्या शब्दांत सांगायला सांगा. ४०२ − १७८ सारखी एक वजाबाकी द्या आणि शून्याच्या जागी नऊ कुठून आला ते तिला समजावून सांगू दे. एक शाब्दिक उदाहरण द्या, ज्यात 'जास्त' हा शब्द असेल पण बेरीज नसेल. आणि शाळेपासून घरापर्यंतचा नकाशा कागदावर काढायला सांगा, उत्तर कुठं आहे ते दाखवून. चारपैकी तीन जमलं तर मे महिना तिला खेळू द्या. वाचनात अडकली तर सुट्टीत रोज अर्धा तास फक्त वाचन घ्या, चौथीची पुस्तकं आणून ठेवू नका.